आधी नावं ठेवा, मग नाव ठेवा: ऑनलाइन पिल्लू घेणाऱ्यांसाठी

माझ्या मावसभावाच्या घरी लाडू नावाचा गोल्डन रिट्रीव्हर आहे, असं त्याची आठ वर्षांची मुलगी शाळेत सांगून आली होती. पट्टा आणून ठेवला होता, स्टीलचं भांडं आणलं होतं, जिन्याखाली जुन्या गोधडीचं अंथरूण तयार होतं. लाडू काही आला नाही. तो मुळात नव्हताच.

जाहिरात फेसबुकवर दिसली होती: 45 दिवसांचं पिल्लू, किंमत फक्त साडेसहा हजार, मालकाची बदली झाल्यामुळे देणे आहे. आधी 1,500 टोकन. मग 3,200 गाडीभाडं. मग 5,999 विम्याचे, 'पिल्लू पोचलं की परत मिळतील'. मग 7,000 वातानुकूलित पिंजऱ्याचं डिपॉझिट. पाचवी मागणी आली तेव्हा त्यानं मला फोन केला. तोवर 17,699 रुपये गेले होते.

नातेवाईक म्हणाले, स्वस्तात मिळतंय म्हणून हुरळला. मला ते अर्धवट वाटतं. पहिले दीड हजार स्वस्ताईपायी गेले असतील, पुढचे सोळा हजार लाडूपायी गेले. पलीकडच्या माणसानं दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं, 'बेटीने नाम क्या रखा?' मुलीनं नाव सांगितलं आणि त्या क्षणापासून तो व्यवहार राहिला नाही. घरातलं एक पोर वाटेत कुठंतरी अडकलंय आणि त्याला सोडवून आणायचंय, असं होऊन बसलं. पुढचा प्रत्येक मेसेज 'लाडू रो रहा है', 'लाडूने सुबह से कुछ खाया नहीं' असाच होता.

म्हणून पिल्लू शोधायला बसाल तेव्हा आधी नावं ठेवायची. जाहिरातीला, फोटोला, कागदांना, विकणाऱ्याला. सगळी नावं ठेवून झाली आणि तरी पिल्लू उरलं, तर मग त्याचं नाव ठेवायचं. त्या क्रमानं पुढचं लिहिलंय.

पायरी 1: जाहिरात

किंमत पाहा, पण एकट्या किमतीवर जाऊ नका. हल्ली हुशार भामटे भाव फार पाडत नाहीत, बाजारापेक्षा थोडासा कमी ठेवतात. त्यापेक्षा '45 दिवसांचं पिल्लू' हे शब्द पाहा. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली 2017 साली कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यांचे नियम आले. त्यांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. 45 दिवस म्हणजे सुमारे साडेसहा आठवडे. म्हणजे जाहिरात खरी असली तरी विकणारा नियम मोडतोय, आणि खोटी असली तर प्रश्नच मिटला. आपल्याकडे ही ओळ इतकी सर्रास दिसते की तीच रीत आहे असं लोकांना वाटतं.

त्याच नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. पहिल्याच फोनवर नोंदणी क्रमांक विचारा. खरा ब्रीडर क्रमांक सांगेल किंवा 'अजून केलेली नाही' असं ओशाळून म्हणेल. भामटा विषय बदलेल आणि तुमच्या मुलांची चौकशी सुरू करेल.

काही शब्द ऐकले की कान टवकारायचे. 'टीकप पॉमेरेनियन': टीकप नावाची कुठलीही मान्य जात किंवा उपजात नाही. 'टॉय पॉम' म्हणून आपल्याकडे बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ विकतात. तो गुणी कुत्रा आहे, फक्त पॉमच्या भावानं घेऊ नका. 'हेवी बोन', 'शो क्वालिटी' ही नुसती विशेषणं आहेत, त्यांना प्रमाणपत्र नसतं. आणि 'पिल्लू फुकट, फक्त ट्रान्सपोर्टचा खर्च द्या' ही जाहिरात सगळ्यांत वाईट. दत्तक घेऊन पुण्य करणारा माणूस किंमत तपासत बसत नाही, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

पायरी 2: फोटो आणि व्हिडिओ

फोटो गूगल लेन्समध्ये टाका. तेच पिल्लू त्याच हिरवळीवर चार देशांत विक्रीला दिसलं तर तिथंच थांबा. काहीच सापडलं नाही म्हणून मात्र हुरळू नका. फोटो उलटा करून किंवा कातरून वापरला की शोध चुकतो, आणि आता तर पिल्लाचे फोटो संगणकावर शून्यातून तयार करता येतात.

म्हणून व्हिडिओ कॉल हवाच, आणि त्यात काय दाखवायचं ते तुम्ही सांगायचं. आधी काढून ठेवलेला व्हिडिओ कॉलवर चालवायची युक्ती जुनी झाली. 'पिल्लाच्या डाव्या कानामागं बोट लावा', 'ओठ वर करून दात दाखवा', 'तिथला दिवा बंद करून परत लावा' असं एकेक सांगत जा. सगळ्यांत महत्त्वाचं, आईजवळ न्यायला सांगा. आई दिसली की पिल्लाची अर्धी कुंडली कळते: तिची तब्येत, तिचा स्वभाव, सोबतची भावंडं. 'आई गावाकडं आहे', 'आई फिरायला गेलीय', 'आई अनोळखी माणसाला चावते' ही उत्तरं मी स्वतः ऐकलीत. चावणारी असली तरी लांबून दाखवता येते.

दात दाखवायला सांगितलं ते उगीच नाही. पिल्लाचे दुधाचे दात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून यायला लागतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत सगळे 28 आलेले असतात. 'दोन महिन्यांचं' म्हणून दाखवलेल्या पिल्लाच्या हिरड्या मागच्या बाजूला रिकाम्या दिसल्या, तर वयाची थाप पकडली गेली.

पायरी 3: कागद

इथं दोन वेगळ्या फसवणुका आहेत. पहिलीत पिल्लू अस्तित्वातच नसतं. दुसरीत पिल्लू असतं, पण आजारी, भलत्याच जातीचं किंवा चार आठवड्यांत आईपासून तोडलेलं. कागद नीट तपासले तर दोन्ही कळतात.

लसीचं कार्ड मागा. पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांत आणि तिचा पुढचा डोस तीन-चार आठवड्यांनी देतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास. दीड महिन्याच्या पिल्लाच्या कार्डावर 'रेबीज झाली' असा शिक्का असेल तर कार्ड भरणाऱ्याला लसीकरण ठाऊक नाही किंवा तुम्हाला ठाऊक नसेल असं तो धरून चाललाय. खऱ्या कार्डावर लसीच्या कुपीवरचं चिकटपत्र लावलेलं असतं, त्यावर बॅच क्रमांक असतो. खाली डॉक्टरांची सही, शिक्का आणि पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. त्या दवाखान्याचा नंबर स्वतः शोधून फोन लावा. कार्डावर छापलेला नंबर लावू नका, तो उचलणारा त्यांचाच माणूस असू शकतो.

2017 च्या नियमांत एक चांगली गोष्ट आहे, ती फार कुणी मागत नाही. पिल्लाला काय खायला द्यायचं, लस आणि जंताचं औषध कोणत्या तारखेला दिलं, आणि कोणत्या पशुवैद्यकाकडे ते जात होतं त्याचं नाव-पत्ता, हे सगळं विकणाऱ्यानं लेखी द्यायचं असतं. मागा. हक्कानं मागा.

केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदांवरून, म्हणजे ज्याला सगळे 'केसीआय पेपर' म्हणतात त्यावरून, बराच गोंधळ आहे. 'पेपरसकट पंचवीस, पेपरशिवाय पंधरा' असा भाव सांगतात. हा क्लब चेन्नईत आहे. आई-बाप दोघंही नोंदलेले असतील तर ब्रीडर पूर्ण वेताची नोंदणी करतो आणि प्रत्येक पिल्लाचं प्रमाणपत्र येतं. ते घरी छापायचं नसतं किंवा नंतर 'करून देतो' म्हणण्यासारखं नसतं. प्रमाणपत्रावर मायक्रोचिपचा क्रमांक असेल तर काम सोपं होतं. चिप पिल्लाच्या मानेजवळ कातडीखाली असते, तिचा क्रमांक 15 आकडी असतो. स्कॅनर असलेल्या कुठल्याही दवाखान्यात तो वाचता येतो. कागदावरचा आणि स्कॅनरवरचा आकडा जुळला नाही तर तो कागद दुसऱ्याच कुत्र्याचा आहे.

पायरी 4: जाऊन पाहा

हे शक्य असेल तर वरच्या तिन्ही पायऱ्यांपेक्षा याचं मोल जास्त. विकणाऱ्याच्या घरी जा. 'आम्ही हायवेच्या नाक्यावर आणून देतो, तुम्हाला त्रास नको' या सौजन्याला नकार द्या. नाक्यावर फक्त पिल्लू दिसतं. ते जिथं वाढलं ती जागा, तिथला वास, आईचे लोंबलेले सड आणि कोपऱ्यातल्या लोखंडी पिंजऱ्यातली आणखी सहा कुत्री दिसत नाहीत.

पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूचा संसर्ग झाल्यावर लक्षणं दिसायला बहुधा तीन ते सात दिवस लागतात. नाक्यावर टुणटुण उड्या मारणारं पिल्लू घरी येऊन चौथ्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब करू लागतं, आणि विकणारा म्हणतो, 'तुमच्याकडं काहीतरी खाल्लं असेल.' म्हणून भावंडंही पाहायची. एखादं कोपऱ्यात मलूल पडलेलं असेल तर त्या वेतातलं कुठलंच पिल्लू उचलू नका. उरलेल्यातलं 'चांगलं' निवडण्यात अर्थ नाही.

पायरी 5: वाहतूक

पैसा सगळ्यांत जास्त इथंच जातो, म्हणून इथं जरा सविस्तर.

टोकन ही फक्त चाचणी असते. खरी कमाई पिल्लू 'निघाल्यावर' सुरू होते. पिंजरा, विमा, क्वारंटाइन, जीएसटी, 'हेल्थ क्लिअरन्स', आणि यातलं प्रत्येक 'रिफंडेबल'. वाहतूक कंपनीच्या नावानं वेगळ्या नंबरवरून वेगळा माणूस बोलतो, सोबत ट्रॅकिंगची वेबसाइट देतो. तिच्यावर नकाशा असतो, सरकणारा ठिपका असतो, खाली 'पेट ऑन होल्ड' अशी लाल पट्टी येते. हे सगळं दोन-चार दिवसांपूर्वी उभारलेलं असतं. वेबसाइट कधी नोंदली गेली ते 'हूइज' शोधात फुकट दिसतं. वीस वर्षांची परंपरा सांगणारी कंपनी मागच्या मंगळवारी जन्मलेली निघते.

विमानानं पाठवलंय म्हणाले तर एअरवे बिलाचा, म्हणजे विमान कंपनीच्या माल-पावतीचा, क्रमांक मागा. तो 11 आकडी असतो. पहिले तीन आकडे विमान कंपनीचे, उदाहरणार्थ एअर इंडियाचे 098. उरलेल्या आठांपैकी पहिल्या सात आकड्यांच्या संख्येला 7 नं भागायचं, जी बाकी उरेल तोच आठवा आकडा असायला हवा. 1234567 ला 7 नं भागलं की बाकी 5, म्हणजे 098-12345675 हा क्रमांक नियमात बसतो. याचा सोपा फायदा असा की शेवटचा आकडा 7, 8 किंवा 9 असूच शकत नाही. भामट्यानं मनानं रचलेला क्रमांक इथं अनेकदा गळतो. बसला तरी विमान कंपनीच्या स्वतःच्या कार्गो पानावर टाकून पाहा, कारण जुन्या खऱ्या बिलाचा क्रमांक उचललेला असू शकतो. काही विमान कंपन्या पाळीव प्राणी नेतच नाहीत, तेही एका फोनवर कळतं.

रेल्वेचं बुकिंग पार्सल ऑफिसात होतं, पशुवैद्यकाचा दाखला लागतो आणि पावती मिळते. आपल्याकडं खासगी ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं भोकं पाडलेल्या खोक्यात पिल्लू सोपवायची पद्धतही आहे. त्यात फसवणूक नसली तरी दोन महिन्यांच्या जिवाला रात्रभर डिकीत कोंबणं मला पटत नाही. पुण्याहून कोल्हापूरला स्वतः जाऊन आणायला एक रविवार लागतो. पुढची दहा-बारा वर्षं ज्याच्यासोबत काढायची त्याच्यासाठी एक रविवार काढता येत नसेल तर पिल्लूच घेऊ नये.

'मी फौजी आहे' हे पालुपद वेगळं. वर्दीतला फोटो, कँटीन कार्ड, आधारची प्रत न मागता पाठवतात. 'आर्मीच्या गाडीनं पिल्लू पाठवतो, गेटवर फी भरायची.' लष्कराची कुत्री मेरठच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात वाढतात. निवृत्त झालेली तिथून दत्तक देतात, पण व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी विकत नाही. आणि खरा जवान स्वतःचं ओळखपत्र अनोळखी माणसाला पाठवत बसत नाही.

पैसे यायचे थांबले की सूर बदलतो. 'पिल्लू टोलनाक्यावर पकडलं, तुमच्यावर प्राणी छळाची केस होईल, पंचवीस हजार भरा.' मावसभावाची पाचवी मागणी हीच होती. ज्या 1960 च्या कायद्याचं नाव घेऊन घाबरवतात, त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. हा कायदा इतका जुनाट असल्याची मला एरवी चीड येते, पण त्या दिवशी तो आकडा वाचून मावसभावाच्या जिवात जीव आला.

परदेशी असलेल्या आपल्या माणसांनाही हे चुकलेलं नाही. अमेरिकेत बॅसेट हाउंडची पिल्लं विकणाऱ्या खोट्या वेबसाइटांबद्दल गूगलनं एप्रिल 2022 मध्ये कॅमेरूनमधल्या एका माणसाविरुद्ध कॅलिफोर्नियात दावा लावला होता. तिकडं पैसे गिफ्ट कार्डानं मागतात, इकडं यूपीआयनं, एवढाच फरक.

पायरी 6: पैसे

पिल्लू हातात येईपर्यंत काही देऊ नका, हे सांगायला सोपं. प्रत्यक्षात चांगला ब्रीडरही टोकन मागतो, कारण लोक 'ठेवा, येतो' म्हणतात आणि येत नाहीत. माझा तोडगा असा: टोकन द्यायचं ते प्रत्यक्ष जाऊन आई आणि पिल्लू पाहिल्यावरच, तिथंच बसून, पावती घेऊन. यूपीआयवर रक्कम टाकण्याआधी ज्या खात्यात ती जाणार त्याचं नाव दिसतं. विकणारा पाटील आणि खातं तिसऱ्याच राज्यातल्या मोबाइल दुकानाचं, असं दिसलं तर पिन टाकू नका. 'माझ्या पार्टनरचं खातं' हे उत्तर ठरलेलं असतं.

आणि तुम्हीच पिल्लू देणार असाल तर उलटा डाव लक्षात ठेवा. घेणारा म्हणतो, 'हा क्यूआर स्कॅन करा, तुम्हाला पैसे येतील.' पैसे यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच.

फसलात तर

रडारड आणि भांडाभांडी नंतर करा, आधी 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतात. जितक्या लवकर तक्रार नोंदेल तितकी ते कुठल्यातरी खात्यात गोठण्याची शक्यता जास्त. फोनवर असताना समोर हवं: प्रत्येक व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम, समोरचा यूपीआय आयडी. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर पूर्ण तक्रार भरा आणि पोचक्रमांक जपून ठेवा. बँकेलाही लगेच कळवा, पण 'तीन दिवसांत कळवलं की बँक भरपाई देते' या भरवशावर राहू नका. रिझर्व्ह बँकेचा तो नियम तुमच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांसाठी आहे, इथं पिन तुम्ही स्वतः टाकलेला असतो. पोलिसांत भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 डी ही फसवणुकीची कलमं लागतात. चॅट डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा.

तक्रार कोरडी लिहा. मावसभावानं सुरुवात केली होती, 'आमचा लाडू दिनांक अमुक रोजी निघाला असून...' ठाण्यातल्या हवालदारांनी चष्मा वर करून विचारलं, 'लाडू म्हणजे आरोपी का?'

त्याचे शेवटचे सात हजार एका खात्यात गोठलेले सापडले, ते अजून सुटायचे आहेत. आधीचे तीन हप्ते गेले ते गेले.

तक्रारीनंतर आणखी एक फोन येतो, त्याची तयारी ठेवा. 'सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम मिळाली, फक्त प्रोसेसिंग फी भरा.' पैसे परत करायला पोलीस फी घेत नाहीत. फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात, त्यामुळे या माणसाला तुमचं नाव, रक्कम, तारीख सगळं ठाऊक असतं. मावसभावाला तो फोन नवव्या दिवशी आला, फी 999. त्यानं फोन स्पीकरवर टाकून मुलीच्या हातात दिला. तिनं अगदी गंभीरपणे विचारलं, 'काका, लाडू कुठंय?' पलीकडून फोन कट झाला.